कुस्ती : खरी, नुरा आणि पोटाची

व्याख्यानमालेच्या मांडवात संतवाङ्मयावर, शेतीवर, अर्थसंकल्पावर भाषणे होतात. कुस्तीवर, आणि त्यातही तिकीट लावून आधी ठरवून केलेल्या कुस्तीवर, बोलावयास कोणी उभा राहिला म्हणजे पुढच्या रांगेतील चार प्रतिष्ठित मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. त्यांनी खुशाल हसावे. आमचे आयुष्य जिनातल्या कामगारांच्या आणि हमालांच्या सभा भरविण्यात गेले. तेथे आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. ज्या विषयावर शहाणे लोक हसतात, त्याच विषयावर कामकरी लोक रात्री बारापर्यंत वाद घालतात; आणि ज्यावर माणसे बारापर्यंत भांडतात त्यात त्यांचे काहीतरी गुंतलेले असते.

आपले मूर्तिजापूर हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई-नागपूर मार्गावरील या स्टेशनातून एक अरुंद रूळ अचलपूरकडे आणि दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळकडे जाई. ‘शकुंतला’ म्हणून सारा वऱ्हाड जिला ओळखतो ती गाडी आता धावत नाही. पण ज्या मुलखात कापसाच्या गाठी वाहण्यासाठी असे रूळ पडले, तेथे गाठी उचलणारी माणसेही जमली, आणि अशी माणसे जमली की तालीम ही आलीच. दाबून बांधलेली कापसाची गाठ सुमारे 170 किलोची असते. ती हलविणाऱ्याला अंगातल्या ताकदीची किंमत दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही. नागपंचमीपासून आपल्याकडे गावोगाव दंगली सुरू होतात आणि पोळा फुटला की त्यांना ऊत येतो. मोठी जोड सुटली की गर्दीतून ठरलेला प्रश्न निघतोच : ‘‘खरी झाली, का नुरा?’’

नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवून, वरून लढल्यासारखी दाखविलेली कुस्ती. हा शब्द आखाड्यातून निघून आता राजकारणात पोहोचला आहे. आमच्या धंद्यातही तो चालतो. पुढारी आणि मालक आतून एक झाले आणि बाहेर घोषणा चालू राहिल्या, की कामगार म्हणतो, ‘‘ही नुरा कुस्ती आहे.’’ तेव्हा या शब्दाचा इतिहास पाहणे हे आमचे कर्तव्यच समजतो. खरी कुस्ती कोणत्या परिस्थितीत टिकते, नुरा कोणत्या परिस्थितीत जन्मते, आणि या दोहोंत पैलवानाच्या पदरात काय पडते, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम खरी कुस्ती म्हणजे काय ते पाहू. मातीतल्या कुस्तीचा कायदा एका ओळीत सांगता येतो : पाठ लागली, दोन्ही खांदे मातीला टेकले, कुस्ती झाली. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नसे. गुण मोजणे नसे. मंडळी दोन-दोन तास बसून राहत, आणि पुष्कळदा पंच अखेर जोड बरोबरीत सोडवीत. आपल्या जुन्या लोकांनी कुस्तीचे चार प्रकार पुराणातल्या नावांनी सांगितले : डावपेचांची ती हनुमंती, बळाची ती भीमसेनी, प्रतिस्पर्ध्याला जखडून टाकणारी ती जांबुवंती आणि हाडे मोडावयास निघालेली ती जरासंधी. ऑलिंपिकमध्ये दोन पद्धती चालतात. ग्रीको-रोमन पद्धतीत कंबरेखाली हात लावावयाचा नाही. फ्री-स्टाइलमध्ये पायही धरता येतात. या दोन्ही गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत आणि गुणांवर चालतात. परंतु आपल्याकडे जाहिरातींतून ‘फ्री-स्टाइल’ म्हणून जी आली ती निराळीच. दोरांच्या चौकटीत, ठोसे-लाथांची, राक्षसी नावांच्या मल्लांची, तिकिटाची कुस्ती. मराठी वर्तमानपत्रे आजही चौकातल्या भांडणाला ‘फ्री-स्टाइल हाणामारी’ म्हणतात. तो शब्दप्रयोग ऑलिंपिकपेक्षा या जाहिरातींनाच अधिक शोभतो.

आमची आवड विचाराल तर ती सरळ सांगतो. मातीत बसलेली ढाक पाहण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही. बलदंड गडी बगलेत सापडतो, खालचा मल्ल अंग फिरवितो, आणि क्षणात वरचा खाली येतो. दुर्बळाने सबळाला उलथविण्याचे ते चित्र कामकऱ्याला का आवडते हे वेगळे सांगावयास नको. पण खरेपणाची एक किंमत असते, आणि ती प्रेक्षकाला मोजावी लागते. खरी कुस्ती पुष्कळदा कंटाळवाणी असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे.

आता पैसा कोण देत होता ते पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ. त्यात मल्लांच्या प्रती, त्यांचा व्यायाम, त्यांचा आहार यांचे वर्णन आहे, आणि ते प्रकरण ‘मल्लविनोद’ या नावाने आले आहे. विनोद म्हणजे राजाची करमणूक. मल्लाची कुस्ती ही राजाच्या मनोरंजनाच्या यादीत नाच-गाण्यांच्या शेजारी बसते. म्हणजे ‘पूर्वी कुस्ती हा धर्म होता, आता तमाशा झाला’ असे जे आपण ऐकतो, ते अर्धेच खरे आहे. तमाशा तेव्हाही होता. फरक इतकाच, की पाहणारा एक होता आणि तो वर्षभराचा खुराक देत होता.

या एका गोष्टीने पुष्कळ फरक पडला. करवीरचे शाहू महाराज यांनी 1902 साली युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधविले. ते 1912 साली पुरे झाले. खोलगट हौद आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, म्हणजे कोठेही बसले तरी माती दिसावी. उत्तरेचे मल्ल तेथे येत, राहत, शिकवीत. दूध, तूप, बदाम यांची तजवीज दरबाराकडून होई. अशा मल्लाला आजची कुस्ती रंगली की नाही याची धास्ती नसे. लोक उठून गेले तरी त्याचे दूध बंद होत नसे. म्हणून तो खरी, संथ, निकाली कुस्ती करू शके. मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे आम्हांस शोभणार नाही. हा मल्ल आश्रित होता. कोणाशी, केव्हा लढावयाचे हे दरबार ठरवी. राजाची मर्जी गेली की खुराक गेला. नोकरी होती; हक्क नव्हता.

आश्रित मल्ल बाजारात उतरला म्हणजे काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला गामाचा. 1910 साली गामा लंडनला गेला. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. प्रथम त्याला मोठ्या सामन्यात कोणी घेईना. मग रंगमंचावरून आव्हान दिले गेले, की जो याच्यापुढे पाच मिनिटे टिकेल त्याला पाच पौंड मिळतील. एकेक गडी चीत होऊ लागला. अमेरिकेचा डॉक्टर रोलरही पडला. तेव्हा कोठे 10 सप्टेंबर 1910 रोजी पोलंडच्या झ्बिस्कोशी जोड ठरली. पणाला अडीचशे पौंड आणि ‘जॉन बुल’ पट्टा होता. झाले काय? झ्बिस्को सुरुवातीलाच खाली गेला आणि पोटावर पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथावयास पाहत होता, आणि तो जमिनीला घोरपडीसारखा चिकटून होता. अंधार पडला, कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढावयाचे ठरले तेव्हा झ्बिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. 1928 साली पतियाळाला दोघांची पुन्हा गाठ पडली. त्या वेळी कुस्ती एक मिनिटही चालली नाही. गामाने त्याला चीत केले.

रसिक म्हणून आम्ही या दोन कुस्त्यांकडे पाहतो तेव्हा मोठी गंमत वाटते. दोन्ही खऱ्या. एक अडीच तासांची, जीत काहीच घडले नाही. दुसरी मिनिटाच्या आतली, जीत डोळ्याची पापणी लवली की सगळे संपले. तिकीट काढून आलेल्या माणसाचे समाधान दोन्हींत झाले नसेल! ज्याला तिकिटे विकावयाची आहेत, त्याला दोन्ही प्रकार परवडत नाहीत. त्याला अर्ध्या तासाची, चढउतारांची, शेवटी टाळ्या घेणारी कुस्ती पाहिजे. आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे पुन्हा यावीत असे काही शेवटी शिल्लक राहावयास पाहिजे. खरी कुस्ती असले वचन देऊ शकत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न आला. 1908 साली शिकागोला गॉच आणि हाकेनश्मिट यांची झुंज दोन तास चालली. 1916 साली ओमाहा येथे स्टेचर आणि लुइस हे सुमारे पाच तास एकमेकांना धरून राहिले आणि निकाल लागलाच नाही. तेव्हा 1920 नंतरच्या दशकात लुइस, त्याचा व्यवस्थापक सँडो आणि मांट नावाचा तिसरा गडी अशा त्रिकुटाने धंद्याची घडीच बदलली. कुस्तीला वेळ बांधला, उड्या-फेकी घातल्या, मल्लांचा ताफा पगारी ठेवून गावोगाव फिरविला, आणि कोण केव्हा पडणार ते आधी ठरविले. नाटक कंपनीच ती. येथे आमचा पहिला निष्कर्ष सांगतो : नुरा कुस्ती पैलवानाच्या लबाडीतून निघाली असे म्हणता येत नाही. वर्षाचा खुराक जाऊन दर खेळाची तिकीटविक्री आली, तेथे ती निघाली. मजुरी देण्याची रीत बदलली की कामाची जात बदलते. हे आम्ही जिनात पाहिले आहे, प्रेसात पाहिले आहे; कुस्ती त्याला अपवाद नाही.

ही कंपनी-कुस्ती आपल्या देशात सर्वांत जास्त नाचविली ती दारासिंग आणि किंगकाँग या नावांनी. दारासिंग 1928 साली पंजाबात जन्मले आणि तरुणपणी सिंगापूरला गेले. तेथे ते पिंपे बनविण्याच्या कारखान्यात कामाला होते आणि तेथेच कुस्ती शिकले. म्हणजे मूळचा कामगारच! किंगकाँग हे नाव घेतलेला एमिल चाया हा हंगेरीत जन्मलेला, दोनशे किलोंच्या घरातला मल्ल. 1950-60च्या दशकांत मुंबईला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये अशा फ्री-स्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटे. वऱ्हाडातल्या लोकांपर्यंत त्या वर्तमानपत्रांतून पोहोचत आणि मग दारासिंगांच्या सिनेमांतून. घरोघर अंगापिंडाने मजबूत पोराला ‘दारासिंग’ म्हणण्याची रीत पडली, ती अजून गेलेली नाही.

‘दारासिंग खरा की खोटा?’ या वादात आम्ही मध्यम मार्ग धरतो, आणि त्याला आधार आहे. 1968 साली मुंबईला दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझ याला हरविले. हा थेझ खऱ्या पकडीतला जबरदस्त जाणकार होता. पुढे आठवणी लिहिताना त्याने दारासिंगांना अस्सल, उत्तम कमावलेल्या शरीराचा मल्ल म्हटले आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही, असा अभिप्राय दिला. या अभिप्रायात धंद्याचे सारे रहस्य आहे. पडावयाचे ते ठरते. पण कोणापुढे पडावयाचे यालाही मान असतो. ज्याला खरी कुस्ती येत नाही, त्याच्यापुढे खोटे पडणेही जाणत्याला लाजिरवाणे वाटते. म्हणून आम्ही म्हणतो, की नुरा कुस्तीसुद्धा उभी राहते ती तालमीत घाम गाळलेल्या माणसाच्या खऱ्या हाडांवर. निकाल खोटा असेल; दोनशे किलोंचा माणूस अंगावर पडला म्हणजे तो पडणे खोटे नसते.

ज्या काळात ही गर्दी होत होती, त्याच काळात खरी कुस्ती काय खात होती? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाकेवर त्यांचा हात विशेष. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून, प्राचार्यांचे कर्ज फेडले! 1955 साली पोलिसात फौजदाराची नोकरी मिळाली, बढतीला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, आणि 1984 साली ते अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. देशाचे पदक आणले त्याला कर्ज फेडण्यासाठी तिकिटाच्या मैदानात उतरावे लागले. आता सांगा, खऱ्या आणि पोटाच्या कुस्तीमधली भिंत कोठे उभी आहे?

संस्थाने गेली तेव्हा खुराकाचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे होता. त्याला निरनिराळ्या मुलखांनी निरनिराळी उत्तरे दिली. 1953 साली राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि मामासाहेब मोहोळ यांनी तिच्यामागे आपले बळ उभे केले. 1959 साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, दुसऱ्या वर्षी गणपतराव आंदळकर. 1961पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली, आणि दरबाराची जागा थोडीबहुत भरून निघाली. मुंबईच्या गिरणगावात मुकादमांनी आणि वस्तीतल्या दादांनी तालमी पोशिल्या. तेथली पोरे संपाच्या वेळी कधी कामगारांच्या तर कधी मालकाच्या बाजूने उभी राहिली. आम्ही युनियनवाले असलो तरी हे सांगितलेच पाहिजे. पोसणारा जिकडे, तिकडे मनगट, हा नियम माणसाच्या स्वभावाचा नसून पोटाचा आहे.

वऱ्हाडात साखर नव्हती, कापूस होता. आणि कापसाचा पैसा तालमीपर्यंत तसा झिरपला नाही. पण वऱ्हाडाने स्वतःचे एक उत्तर काढले आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तेथे व्यायामाचे शास्त्र शिकवू लागले. 1936 साली मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही, की तेथून व्यायामशिक्षक तयार होऊन शाळाशाळांत गेले. तालमीतल्या पोराला राजा नको, ठेकेदार नको. त्याच्या अंगमेहनतीच्या विद्येला पगार मिळावा, महिन्याच्या एक तारखेला मिळावा, आणि म्हातारपणाची सोय असावी. हे काम मल्लाला गदा देण्यापेक्षा कमी गाजते. पण संसार गदेवर चालत नाही.

आता आपल्या मुलांच्या पिढीकडे येऊ. 1991नंतर उपग्रहावरच्या वाहिन्या आल्या आणि अमेरिकेची कंपनी-कुस्ती थेट आपल्या ओसरीवर उतरली. शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरे मल्लांच्या चित्रांची ट्रम्प कार्डे खेळू लागली. कोणाची छाती किती, कोणाच्या लढती किती, हे आकडे पाढ्यांपेक्षा पाठ. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाला, ही कथा तर या देशातल्या प्रत्येक शाळेत पोहोचली होती. 2007 साली पंजाब पोलिसातून गेलेला दलीपसिंग राणा, म्हणजे ‘खली’, त्या कंपनीचा जगज्जेता झाला तेव्हा चौकाचौकांत चर्चा झाली. मोठी माणसे तेव्हाही म्हणत, ‘‘अरे, ते सगळे खोटे असते.’’ वस्तुतः हे कंपनीनेच कबूल करून टाकले होते. 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कंपनीने सांगितले, की आमचा खेळ ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. सांगितले ते प्रांजळपणे नव्हे. खेळांवरची सरकारी देखरेख आणि तिचा खर्च टाळावयाचा होता!

आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टींवर गेले. पहिली 1986ची. जेसी व्हेंच्युरा नावाच्या मल्लाने कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांना गोळा करून सांगितले, की आपण युनियन करू. बातमी मालकाला कळली आणि बेत तेथेच संपला. पुढे व्हेंच्युराने कंपनीवर खटला भरला तेव्हा साक्षीत निघाले, की चहाडी करणारा होता हल्क होगन, त्या काळचा सर्वांत मोठा, सर्वांत जास्त पैसे मिळविणारा मल्ल. प्रेक्षकांपुढे जो सत्याचा कैवारी, तो खोलीत मालकाचा माणूस. श्रोतेहो, खरी नुरा कुस्ती ही! दोरांच्या आत चालली होती ती तर नुसती कसरत. त्या कंपनीत मल्ल हा ‘कामगार’ नसतो, ‘स्वतंत्र ठेकेदार’ असतो. आठवड्यामागून आठवडे एका मालकाच्या हुकुमावर पडावयाचे, पण हाड मोडले की स्वतंत्र. आपल्या बाजारातल्या हमालाला हे कायद्याचे कोडे उलगडून सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट 23 मे 1999ची, कॅन्सस शहरातली. ओवेन हार्ट या मल्लाला छतावरून दोरीने खाली उतरविण्याचा देखावा होता. कडी सुटली, तो सुमारे चोवीस मीटरवरून खाली पडला आणि मेला. त्याला उचलून नेले, आणि पुढच्या कुस्त्या चालू राहिल्या. कामाच्या जागी माणूस मरतो आणि पाळी बंद होत नाही, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. ज्यांना वाटते, की हे सगळे खोटे असते, त्यांनी एवढेच सांगावे, की यातले खोटे कोणते होते?

मग आपली खरी कुस्ती सुखात आहे काय? 2015 साली आपल्या देशात कुस्तीची लीग निघाली आणि मल्लांवर बोली लागली. 2023 साली विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया असे ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले मल्ल दिल्लीच्या रस्त्यावर बसले. राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षाने मुली-मल्लांचा लैंगिक छळ केल्याचा त्यांचा आरोप होता. संघटनेच्या अध्यक्षांनी तो नाकारला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोपाचा निकाल न्यायालय करील. आम्ही पाहिले ते निराळे. पदके आणणाऱ्या मल्लांना आपले गाऱ्हाणे सांगण्यासाठी फुटपाथाशिवाय जागा नव्हती, कारण मल्लांची म्हणून एकही संघटना नव्हती. संघटना होत्या त्या मल्लांवरच्या.

आणि 2025 सालची अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी घ्या. पंचांच्या निर्णयावरून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली, आणि गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली. पंचाला लाथ मारण्याचे समर्थन कोणी करू नये. पण गदेबरोबर पुष्कळदा सरकारी नोकरीची आशा असते. महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल पोलीस उपअधीक्षक झाल्याची उदाहरणे आहेत. दहा-बारा वर्षांचे दूध-बदाम, बापाचा विकलेला शेताचा तुकडा आणि पुढचे सारे आयुष्य जेव्हा एका खांद्यावर आणि एका पंचाच्या नजरेवर येते, तेव्हा आखाड्यात खेळ उरत नाही, जुगार उरतो. जुगारातून एक दिवस लाथ निघते, नाही तर नुरा निघते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. राजा होता तेव्हा पैलवान आश्रित होता. ठेकेदार आला तेव्हा तो नट झाला. कंपनी आली तेव्हा तो कागदोपत्री ‘स्वतंत्र’ झाला. सरकारी गदा आली तेव्हा तो नोकरीचा उमेदवार झाला. या साऱ्या बदलांत आपण प्रेक्षक एकच प्रश्न विचारीत राहिलो : खरी की नुरा? हा प्रश्न वाईट नाही, पण तो अपुरा आहे, आणि तो नेहमी पैलवानालाच विचारला जातो; पैसे मोजणाऱ्याला कोणी विचारीत नाही. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्याला गेले. बाबांची कीर्तनाची रीत अशी, की समोरच्या माणसाला साधे प्रश्न विचारावयाचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढावयाचे. ती रीत आपण दंगलीच्या दिवशी वापरू या.

दंगल भरविणाऱ्या मंडळींना विचारावे : फलकावर लिहिलेले इनाम जिंकणाऱ्याच्या हातात सर्वांसमक्ष, पुरे पडते काय? हरणाऱ्याला गाडीभाडे आणि जेवण मिळते काय? हौदाशेजारी डॉक्टर आहे काय? मान मोडली, गुडघा गेला तर विमा कोणाचा? चौदा वर्षांच्या पोराची जोड तीस वर्षांच्या गड्याशी कोणी लावली? या प्रश्नांना पैसे फार लागत नाहीत. वर्गणीतला मंडपाचा, सत्काराच्या शालींचा आणि फलकांवरील छायाचित्रांचा खर्च थोडा कमी केला, तर पाचही उत्तरे मिळण्यासारखी आहेत. आणि मल्लांना आम्ही आमच्या धंद्याचा एकच सल्ला देऊ : तालमीतालमींचे वैर हौदात ठेवा, हौदाबाहेर एकत्र बसा आणि आपला दर आपण ठरवा.

पुढच्या पोळ्यानंतर दंगल भरेल, हलगी वाजेल, जोड सुटेल, आणि गर्दीतून कोणीतरी तो जुना प्रश्न विचारीलच. विचारू द्या. त्याच्या पाठोपाठ शेजारच्याने एवढे मात्र विचारावे, की आज जो पडला, त्याला काय मिळाले?